पाऊस संपतो तिथून वाइन सुरू होते

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्यात वाइनची द्राक्षं पिकत नाहीत. तरीही महाराष्ट्रात वाइन होते, ती गगनबावड्यासारख्या गावांमुळेच. हे कोडं सोडवायचं असेल तर आधी घाटमाथ्यावर उभं राहायला हवं, मग पूर्वेकडे गाडी हाकायला हवी आणि शेवटी एखाद्या वायनरीत जाऊन पेल्यात नाक खुपसायला हवं. वाइन चाखायला बहुतेक जण थेट वायनरीच्या फाटकाशी पोचतात. पण पेल्यातल्या त्या लाल-सोनेरी द्रवाची गोष्ट फाटकाच्या कितीतरी पश्चिमेला, ढगांत सुरू झालेली असते.

ढगांचा जकातनाका

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारं वारं बाष्पानं जड झालेलं असतं. वैभववाडीकडून करूळ घाट आणि खारेपाटणकडून भुईबावडा घाट ज्या कड्यावर चढून येतात, त्याच कड्यावर हे वारंही चढतं. वर जाताना हवेवरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरली की थंड होते. थंड हवेत बाष्प मावत नाही. ते थेंब होऊन खाली येतं आणि गगनगडासकट सगळा माथा चार महिने ढगात बुडून जातो. सह्याद्री हा ढगांचा जकातनाका आहे. देशावर जायचं तर इथं बराचसा माल उतरवूनच पुढं जाता येतं.

ही जकात किती जबर असते? गगनबावड्यात वर्षाला सुमारे पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो, काही वर्षी त्याहूनही पुष्कळ जास्त. पंचावन्न किलोमीटरवरच्या कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो. आणखी पूर्वेला सांगली जिल्ह्यातल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे गेलात तर पाचशे-सहाशे मिलीमीटरवर समाधान मानावं लागतं. एकच पावसाळा, एकच वारा, पण दोनशे किलोमीटरच्या आत पाणी जवळपास दहापटीनं कमी. माथा ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि उरलेसुरले ढगही विरून जातात. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. परीक्षेत दोन मार्कांना येणाऱ्या या शब्दावर महाराष्ट्राचा सगळा द्राक्षधंदा उभा आहे.

वेलीला पाऊस का सोसत नाही

गगनबावड्याच्या जांभ्या मातीत द्राक्षाचा वेल लावला तर तो मरणार नाही. पानं फुटतील, काड्या मांडवावर चढतील, पहिल्या पावसात बाग हिरवीगार दिसेल. पण त्या हिरव्या पानांवर जो ओलावा साचून राहील, त्यात एक सूक्ष्मजीव पोहत येईल. त्याचं शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. आपले बागायतदार त्याला केवडा म्हणतात. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या मागच्या रंध्रांतून आत शिरतात. पान काही तास ओलं राहिलं की त्यांचं काम होतं. गगनबावड्यात पान काही महिने ओलं राहतं.

हा केवडा मुळात अमेरिकेचा. 1870 च्या दशकात तो फ्रान्समध्ये पोचला आणि तिथल्या बागा उजाड करू लागला. 1882 साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे मेदोक भागातून जात असताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रस्त्याकडेच्या वेलींची पानं निळसर डागांनी माखली होती, पण निरोगी होती. आतल्या ओळींतल्या वेली मात्र रोगानं झडल्या होत्या. चौकशी केल्यावर कळलं, येणारेजाणारे द्राक्षं चोरून खातात म्हणून बागवानानं कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. घड विषारी दिसावेत, एवढाच हेतू. चोरांसाठी केलेल्या त्या उपायानं केवडा रोखला होता. मिलार्दे यांनी प्रयोग करून 1885 मध्ये हे मिश्रण जाहीर केलं.

आज करूळ घाट उतरून खाली कोकणात गेलं की पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या बागांत हीच फवारणी चाललेली दिसते. मोरचूद, चुना आणि पाणी यांचं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. वाइनची द्राक्षं जिथं कधीच लागणार नाहीत, त्या ओल्या मुलखात फ्रान्सच्या वाइनच्या गावातली ही युक्ती सुपारी वाचवते आहे.

पानगळ नाही, म्हणून कात्री

आता पूर्वेकडे निघू. पन्हाळ्याचा डोंगर मागे पडला की उसाचं राज्य सुरू होतं. वारणा आणि कृष्णा ओलांडून तासगाव-पलूसच्या बाजूला गेलं की उसाच्या अधूनमधून मांडव दिसू लागतात. तारांचा मांडव, त्यावर पसरलेले ओलांडे, खाली लोंबणारे घड. इथला पाऊस थोडा. म्हणूनच इथं द्राक्षं आहेत. वेलीला लागणारं पाणी कृष्णेवरच्या ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजनांतून आणि विहिरींतून येतं, ठिबकच्या नळीतून मोजून मिळतं. कृष्णा तरी कुठली? महाबळेश्वरच्या माथ्यावरची, त्याच जकातनाक्यावर उतरवलेल्या पाण्याची. ढगांनी जे पश्चिमेला सोडलं, ते नदीनं पूर्वेला आणलं. फरक इतकाच की आता ते वेलीच्या पानांवर पडत नाही, मुळाशी जातं. द्राक्षाला हवं असतं तेही नेमकं हेच.

इथं एक नवल आहे. युरोपात हिवाळा वेलीला झोपवतो. पानं गळतात, रस मुळांकडे जातो, वसंतात डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. सांगली-सोलापूर-नाशिकला बर्फ नाही, वेलीला झोप नाही. तिला सोडून दिलं तर ती बारा महिने वाढतच राहील. मग हा ऋतू आणायचा कुठून? आपल्या शेतकऱ्यानं तो कात्रीनं घडवला. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. वेल जवळजवळ उघडा केला जातो. कडक उन्हात नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांवरच्या डोळ्यांत पुढच्या घडांची पायाभरणी होते. हे घड तेव्हा डोळ्यांना दिसत नाहीत. डोळ्याच्या आत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील एवढे, ते सगळा पावसाळा थांबून राहतात. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. डोळ्यांना एकदम जाग यावी म्हणून रसायनाची पेस्ट लावतात आणि चारपाच महिन्यांनी, जानेवारी ते मार्चमध्ये, घड तयार होतात. वर्षात दोन छाटण्या आणि एकच पीक, अशी ही रीत आहे.

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, याचं त्यालाही अप्रूप वाटलं होतं. दख्खनच्या हवेतला हा हट्टी जोम तेव्हाही तसाच होता. आजच्या कात्रीनं तो पावसाला चुकवून एका बाजूला वळवला, इतकंच.

यातून बाटलीवरच्या सालाचा एक खास मराठी अर्थ निघतो. लेबलवर 2024 लिहिलं असेल तर ती द्राक्षं 2024 च्या सुरुवातीला काढली. पण त्या वेलीनं पचवलेला पाऊस 2023 चा होता, आणि घडांची पायाभरणी झाली ती 2023 च्या उन्हाळ्यात. फ्रान्सच्या बाटलीवरचं साल मुख्यतः त्याच वर्षाची हवा सांगतं. आपल्या बाटलीवरचं साल आधल्या वर्षाच्या ढगांचाही हिशेब देतं.

खायचं द्राक्ष वेगळं, प्यायचं वेगळं

तासगावचं नाव द्राक्षाच्या जगात गाजलं ते खाण्याच्या द्राक्षांमुळे आणि बेदाण्यामुळे. तास-ए-गणेश हे बिनबियांचं वाण याच तालुक्यातल्या वसंतराव आर्वे यांच्या निवडीतून आलं. खायच्या द्राक्षाचं सगळं कसब मणी मोठा करण्यात आहे. त्यासाठी विरळणी होते, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवले जातात. मणी टपोरा, साल पातळ, आत पाणी भरपूर, बी नको.

वाइनच्या द्राक्षात सगळं उलट. काबर्ने सोव्हिन्यॉं किंवा शिराझचा घड हातात घेतला तर आपला बागायतदार प्रथम नाक मुरडेल. मणी करवंदाएवढा, साल जाड, बिया दोनतीन, गर थोडा. पण वाइनवाल्याला हवी असते तीच साल. काळ्या द्राक्षाचा गर बहुधा रंगहीन असतो. रंग, तुरटपणा आणि वासाचा बराचसा ऐवज सालीत असतो. गोलाचा व्यास निम्मा केला की त्याच्या आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग दुप्पट होतो. मणी छोटा ठेवला की तेवढ्याच रसाला दुप्पट साल मिळते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत वेलीला थोडं तहानलेलं ठेवलं की मणी आपोआप छोटा राहतो. एरवी शेतीत पाणी कमी पडणं हे संकट असतं. वाइनच्या शेतीत ते मापानं दिलेलं औषध ठरतं.

कोरड्या मुलखाचं आणखी एक देणं आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असतं, जमिनीची ऊब रात्री झपाट्यानं निघून जाते आणि पहाटे चांगलाच गारठा पडतो. दिवसाच्या उन्हात मण्यात साखर भरते. रात्रीच्या थंडीत वेलीचं श्वसन मंदावतं, त्यामुळे मण्यातलं आम्ल खर्च होत नाही. गोड आणि आंबट यांचा हा तोल नसेल तर वाइन नुसतीच बोथट लागते.

वायनरीच्या दारात

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा श्रीगणेशा 1980 च्या दशकात नारायणगावला झाला. शामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं तिथं फ्रेंच पद्धतीची फसफसणारी वाइन काढली. 1999 मध्ये नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर, सांगली जिल्ह्यात पलूस इथं वाइन पार्क उभे राहिले. कोल्हापूरकरानं वायनरी पाहायला निघायचं तर सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची वाट धरावी. तिथल्या फ्रातेल्ली वायनरीत अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू असे तीन घरांतले भाऊ एकत्र आले. लाखो रोपं फ्रान्समधून आली आणि माळशिरस तालुक्याच्या माळावर मोटेवाडी, गारवाड, निमगावच्या शिवारात लावली गेली.

काढणीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर वायनरी खरी जागी असते. क्रेट भरभरून घड येतात. बरीच तोडणी पहाटे उरकतात, म्हणजे फळ थंड असतानाच आत पोचतं. देठ वेगळे करणारं यंत्र, मणी फोडणारं क्रशर, रस पिळणारा प्रेस आणि पुढे रांगेनं उभ्या पोलादी टाक्या. पांढऱ्या वाइनसाठी आधी रस पिळतात आणि नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी साल-बियांसकट सगळंच टाकीत जातं. थोड्या वेळात साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस पंपानं वर आणून त्यावर ओतावा लागतो, कारण सगळा रंग त्या थरातच अडकलेला असतो.

टाकीला कान लावला तर आत बारीक खदखद ऐकू येते. तिथं चाललेलं काम यीस्टचं. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हा एकपेशी जीव साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड टाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण पाव फुगवतो तोच आणि साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल करतो तोही हाच. वाइनच्या एका लिटर रसात सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती सगळी आंबली की त्या एका लिटरातून पन्नास लिटरहून अधिक वायू बाहेर पडतो. हजारो लिटरच्या टाक्या एका छताखाली आंबत असतील तेव्हा हा जड वायू जमिनीलगत साठतो, म्हणून वायनरीत हवा खेळती ठेवणं जिवाच्या मोलाचं मानलं जातं. उष्णताही खूप निघते. टाक्यांच्या अंगाभोवती थंड पाणी किंवा द्रव फिरवून पांढरी वाइन बारा ते अठरा अंशांवर ठेवतात, नाहीतर तिचा सगळा सुवास वायूबरोबर उडून जाईल.

यीस्टची शोकांतिका अशी की साखरेतून तो जे अल्कोहोल करतो, त्यातच अखेर बुडतो. प्रमाण चौदा-पंधरा टक्क्यांच्या पुढे जाऊ लागलं की बहुतेक यीस्ट थकतात आणि मरतात. वाइनचा कडकपणा मुख्यतः द्राक्षात किती साखर भरली यावर ठरतो आणि यीस्टची सहनशक्ती त्याला वरची मर्यादा घालते. ऊर्ध्वपातन करून बनवलेल्या दारूची गोष्ट वेगळी. तिथं माणूस उष्णता देऊन अल्कोहोल वेगळं काढतो.

या जिवाचा हात सिद्ध केला तो लुई पाश्चर यांनी, 1860 च्या सुमारास. गंमत म्हणजे त्यांची कारकीर्दच वाइनच्या पिंपाशी जोडलेली होती. पिंपाच्या तळाशी साचणाऱ्या खड्यांतून मिळणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक तपासताना 1848 मध्ये त्यांना दिसलं की काही स्फटिक दुसऱ्यांचं आरशातलं प्रतिबिंब आहेत. रेणूंना डावं-उजवं असतं हा शोध तिथून सुरू झाला. हे टार्टारिक आम्ल फळांत विरळाच सापडतं. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि आपल्या आमटीतल्या चिंचेतही. थंड केलेल्या बाटलीच्या तळाशी काचेसारखे कण दिसले तर घाबरू नका. ते याच आम्लाचे क्षार आहेत.

पोलादी टाकीतून काही लाल वाइन ओकच्या पिंपांत जातात. सव्वादोनशे लिटरच्या त्या पिंपाचं लाकूड घडवताना आतून विस्तवावर शेकलेलं असतं. शेकल्यानं लाकडातून व्हॅनिलिन सुटतं, म्हणून अशा वाइनला व्हॅनिलाचा गंध येतो. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी थोडी हवा आत जात राहते आणि तुरटपणा हळूहळू मवाळ होतो.

पेल्यात नाक

मग येते चाखण्याची खोली. इथं बरेच जण संकोचतात, कारण चाखणारे काहीतरी गूढ बोलत असतात. कुणाला ढोबळी मिरचीचा वास येतो, कुणाला पेरूचा, कुणाला मिऱ्याचा. ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी मिजास आहे. पण यातलं बरंच रसायनशास्त्र आहे.

काबर्ने आणि सोव्हिन्यॉं ब्लां या द्राक्षांत मिथॉक्सिपायरॅझिन नावाचे रेणू असतात. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे तेच. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो तो रोटंडोन या रेणूमुळे; ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये तो ओळखला, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तोच निघाला. सोव्हिन्यॉं ब्लांमधला पेरूसारखा गंध तर आणखी चक्रावून टाकतो. त्याला कारण असलेली गंधकाची संयुगं द्राक्षात दुसऱ्या रेणूंना बांधलेली असतात, म्हणून ताज्या रसाला तो वास जवळपास नसतोच. यीस्ट ती गाठ सोडतो आणि मग वास मोकळा होतो. पेरू तिथं कुणी घातलेला नसतो. त्याचा वास द्राक्षात कुलूपबंद होता आणि किल्ली एका एकपेशी जिवाकडे होती.

पेला हलवायचा तो ऐटीसाठी नव्हे. वाइन काचेवर पसरली की पृष्ठभाग वाढतो, वासाचे रेणू जास्त उडतात आणि आत वळलेल्या कडांमुळे पेल्यातच कोंडून राहतात. हलवल्यावर काचेवरून ओघळणारे थेंब पाहा. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं. उरलेल्या पाणीदार भागाचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि वजन झालं की थेंब खाली घसरतो. 1855 मध्ये जेम्स थॉमसन यांनी याचं स्पष्टीकरण दिलं, पुढे इटलीच्या कार्लो मारांगोनी यांचं नाव त्याला मिळालं. थेंब दाट म्हणजे वाइन उंची, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते मुख्यतः अल्कोहोलचं प्रमाण सांगतात.

घोट घेतल्यावर जीभ कोरडी पडते, दातांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं. हे टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतात आणि तोंडाचा ओशटपणा नाहीसा होतो. हा अनुभव गगनबावड्याच्या माणसाला शिकवायची गरज नाही. जूनच्या तोंडावर अर्धंकच्चं जांभूळ खाऊन जीभ निळी-तुरट करून घेतली असेल त्याला लाल वाइनची अर्धी ओळख आधीच झालेली आहे. जांभळाचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा, लाल वाइनचा रंगही त्याच गटातला. ज्यांना वाइन प्यायची नाही त्यांनीही या खोलीत बसावं. चवीचा फार मोठा वाटा नाकाचा असतो आणि व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. त्यांच्या टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं.

माथ्यावरची गोडी

मग गगनबावड्याच्या वाट्याला काय? जांभूळ आहे, करवंद आहे. त्यांची वाइन होऊ शकते. फळ कुठलंही असो, यीस्टला साखर हवी. अडचण अशी की जांभळात साखर वाइनच्या द्राक्षाच्या मानानं बरीच कमी आणि तुरटपणा जास्त, म्हणून बाहेरून साखर घालावी लागते. महाराष्ट्रात फळांच्या वाइनचे प्रयोग झाले आहेत. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन होते.

पण या डोंगररांगेची खरी साखर पोळ्यात असते. कोल्हापूर जिल्ह्याच्याच भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. मधात साखर जवळपास ऐंशी टक्के, तरीही तो वर्षानुवर्षं आंबत नाही. त्यात पाणी इतकं कमी असतं की यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो निपचित पडतो. त्याच मधात पाणी मिसळा, यीस्ट उठून कामाला लागतो आणि मीड नावाचं पेय तयार होतं. पुण्यात आणि नाशकात आता मीड बनवणारे व्यावसायिक आहेत. पाण्यानं वेलीचं पान कुजतं आणि त्याच पाण्यानं मधातला यीस्ट जागा होतो. घाटमाथ्याकडे जे भरपूर आहे, ते द्राक्षाच्या कामाचं नसलं तरी मधाच्या कामाचं आहे.

ब्रह्मपुरीची सुरई

गगनबावड्याच्या डोंगरात उगम पावणारी कुंभी पुढे भोगावतीला मिळते आणि पंचगंगा होऊन कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीला वळसा घालते. या टेकडीवर 1940 च्या दशकात सातवाहनकाळची वस्ती सापडली. ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथलं उत्खनन केलं. तिथं रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू मिळाल्या. त्यातली पोसायडन या सागरदेवाची छोटी मूर्ती प्रसिद्ध झाली, पण वाइनच्या गोष्टीत महत्त्वाची आहे ती तिच्या जोडीची सुरई. अशा सुरया ग्रीक-रोमन घरांत वाइन ओतायला वापरत. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या सागरप्रवासाच्या ग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात वाइन आहे आणि इटलीच्या वाइनला जास्त मागणी असल्याची नोंदही आहे. कोकणातल्या बंदरांत उतरलेला असा माल देशावर यायचा तर कुठला ना कुठला घाट चढूनच यायचा.

तेव्हा वाइन इटलीतून तयार होऊनच यायची. आता वाट उलटी नाही, पण निराळी झाली आहे. अकलूजच्या वायनरीत वाइन घडवायला टस्कनीचे पिएरो मासी आले आणि त्या माळावर टस्कनीचं सांजोव्हेसे हे द्राक्षही लावलं गेलं. सेत्ते ही त्यांची मानाची वाइन सांजोव्हेसे आणि काबर्ने यांच्या मिश्रणातून होते. वाण इटलीचं, रोपं फ्रान्सची, अनेक बागांत खाली खुंट टेक्सासच्या रानवेलीपासून आलेल्या डॉगरिजचा, फवारणीत बोर्दोची युक्ती, आणि ऋतू मात्र आपल्या शेतकऱ्यानं कात्रीनं बेतलेला. बाहेरून जे आणता येण्यासारखं होतं ते सगळं आणलं गेलं. कोरडी हवा तेवढी आणता येत नाही. ती सह्याद्रीनं आधीच करून ठेवली होती.

म्हणून वायनरीत गाइडनं द्राक्षाचं नाव, साल आणि पिंपाचं लाकूड सांगून झालं की एक प्रश्न जरूर विचारा: इथं पाऊस किती पडतो? तो जो आकडा सांगेल, त्यातला मोठा हिस्सा घाटमाथ्यानं ठरवलेला असेल. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर काय होतं, हेही विचारा. तेव्हा केवड्याची, रात्री-अपरात्री काढलेल्या फवारण्यांची आणि वाया गेलेल्या हंगामांची हकिगत निघेल. चवीबद्दलच्या सगळ्या माहितीपेक्षा ती हकिगत वाइन जास्त समजावून सांगते.